सून इथलीच

"आई, उद्या साडी नका नेसू," सिंधू म्हणाली, आणि तव्यावरची पोळी उलटायची सोडून खिडकीबाहेर बघत राहिली. सरजाबाई नातीच्या डोक्याला तेल लावत होत्या. हात थांबला नाही, पण आपण कुठला भांग पाडत होतो ते त्यांना आठवेना. ग्रीसमधल्या थेसालोनिकीत, मुलाच्या, नागसेनच्या ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या होळीच्या आधीपासून राहत होत्या आणि साडीबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं. उलट खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात भेटली की पदराला हात लावून बघायची, हसायची. पोळी करपली तेव्हा सिंधू भानावर आली. "माझी पॅन्ट होईल तुम्हाला. वर तो सैल शर्ट घाला. आणि टोपी, उन्हाचीही होईल." सरजाबाईंनी विचारलं, कुठं जायचंय? तेव्हा ते हळूहळू, तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. सिंधूची आई येणार होती. म्हणजे इथं नाही, घरी नाही. लातूर-नांदेडकडच्या मंडळींची सहल निघाली होती, ग्रीस बघायला. त्यात तिचे आईबाबा होते. उद्या त्यांची बस पेल्लाला जाणार होती, सिकंदर जिथं जन्मला त्या जुन्या राजधानीत. तिथं पडके अवशेष आहेत आणि एक म्युझियम आहे. इथून गाडीनं तासाभराच्या आत. आई गुडघ्याचं निमित्त करून म्युझियममध्येच बसून राहील, बाकीचे उन्हात खांब बघायला जातील, तेवढ्या वेळात ती लेकीला आणि नातीला बघून घेईल.

"आणि हणमंतराव?"

"बाबांना माहीत नाही. कळलं तर तिथंच काहीतरी होईल. म्हणून तर म्हणते, तुम्ही दिसू नका. मी गॉगल लावीन, केस कापलेत, मला ते ओळखणार नाहीत. तुम्ही साडीत लांबूनच ओळखू याल."

"मग मी येतेच कशाला?"

"उत्पलाला गाडीत उलट्या होतात. मी चालवणार. मागं तिला धरायला कुणीतरी नको का?" सिंधू म्हणाली, आणि मग तवा उतरवत, "ह्यांना सांगू नका." नागसेन त्या आठवड्यात कुठल्याशा बेटावर होता. समुद्राच्या पाण्याचे नमुने काढत बोटीवर फिरत होता. त्याला सांगण्यासारखं ते नव्हतंच. वडील गेल्यापासून त्यानं बायकोच्या माहेरचं नाव घरात काढू दिलं नव्हतं, आणि का दिलं नव्हतं ते सरजाबाईंना पुरेपूर माहीत होतं. तरी रात्रीची भांडी विसळताना त्यांना वाटत राहिलं, आपल्याला लेकरू धरायला हात म्हणून नेताहेत, आणि हात तेवढे दिसले तर चालतील, माणूस दिसायला नको. त्यांनी नळ बंद केला. साबण लावताना नळ बंद करायची सवय नागसेनला हसू आणायची. आई, इथं पाणी जात नाही गं, तो म्हणायचा. पण लातूरच्या घराला कुलूप लावून निघाल्या तेव्हा नळाला पाणी येऊन किती महिने झाले ते त्या विसरल्या होत्या. आता तिथं रेल्वेनं पाणी येत होतं, शेजारच्या काकू फोनवर सांगायच्या. लोक टाकीपाशी घागरींची रांग लावून बसतात, पोलीस उभे असतात. आणि त्याच गावातून माणसं सहलीला निघाली होती. निघणारच. टँकर ज्यांचे असतात त्यांना तहान लागत नाही.

पॅन्ट त्यांनी बाथरूममध्ये घालून बघितली. आरशात एक म्हातारी दिसली. ती कुणापासून तरी लपायला निघाली होती. मुदखेडला रेल्वेच्या चाळीत त्यांची आई रूळ दुरुस्तीच्या गँगमधल्या बापाचा डबा घेऊन रुळाकडेनं जायची तेव्हा फाटकं का होईना, पण चापूनचोपून लुगडं नेसायची. म्हणायची, लोकांनी बघायच्या आधी आपणच आपल्याला नीट बघावं. त्यांनी पॅन्ट काढून घडी घालून ठेवली. सकाळी निळी साडी नेसून बाहेर आल्या तेव्हा सिंधूनं बघितलं, जबडा आवळला, आणि गाडीची किल्ली उचलली.

गाडी शहराबाहेर पडली आणि दोन्हीकडं सपाट हिरवं रान सुरू झालं, पीचच्या बागा, मध्येच तांबड्या फुलांची शेतं. उत्पला मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. सरजाबाईंना सिंधूच्या आईचा, केवळाबाईंचा चेहरा आठवेना. तसा तो त्यांनी बघितला होता किती? जळकोटजवळच्या त्या गावात त्यांनी बारा-पंधरा वर्षं शाळा केली, पण पाटलांच्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्या कधी गेल्या नव्हत्या. बौद्ध वस्तीत खोली करून राहणाऱ्या मास्तरीणबाई. गावात मान होता, 'बाई' म्हणून सगळे उभे राहायचे, आणि उभं राहण्यातच आत बोलावण्याचं काम भागून जायचं. केवळाबाई मात्र सणावाराला काहीतरी पाठवायच्या. धपाटी, पुरणपोळी, संक्रांतीला तिळाची पोळी. छोटी सिंधू दोन वेण्या उडवत घेऊन यायची, पळसाच्या पानात नाहीतर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. इतकं गरम असायचं की पान काळं पडायचं. सरजाबाईंना त्या पानाचं कौतुक वाटायचं. गावाकडचं, निर्मळ. कितीतरी वर्षांनी, लातूरला बदली झाल्यावर, एका दुपारी काही कारण नसताना त्यांच्या लक्षात आलं की पान परत द्यावं लागत नाही. डबा दिला असता तर डबा परत गेला असता. त्यांनी त्या दिवशी हे नवऱ्याला, केरबाला सांगितलं तेव्हा तो एसटीच्या डेपोतून येऊन हाताचं वंगण काढत होता. तो म्हणाला, तुला आज कळलं व्हय? खाताना मला दरवेळी कळायचं. धपाटी चांगली असायची पण.

हणमंतराव मात्र दारापर्यंत यायचे. लातूर नवा जिल्हा झाला त्या दिवशी शाळेत पेढे त्यांनीच वाटले, तेव्हा ते तरुण होते, फेटा नवा होता. म्हणाले होते, बाई, आता उस्मानाबादला जायची कटकट मिटली, आता आपलं गाव वर येणार. गाव वर आलं नाही, हणमंतराव आले. पुढं जळकोट तालुका झाला, त्यात ते होते. आता उदगीर जिल्हा व्हावा म्हणून समिती होती, तिचे ते अध्यक्ष होते असं सरजाबाईंनी पेपरात वाचलं होतं. आणि तरीही, खरं सांगायचं तर, सिंधू आणि नागसेननं पुण्यात रजिस्टर लग्न केल्याचा फोन आला तेव्हा भीतीच्या खाली, अगदी तळाशी, त्यांना काहीतरी गोड लागलं होतं. पाटलाची लेक. आपल्या घरात. पळसाचं पान घेऊन येणारी. ते गोड त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचा राग येतो, अजून येतो.

हणमंतराव माणसं घेऊन आले नाहीत. एकटे आले. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीवर बसले, घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, "बाई, तुमच्यावर माजा राग न्हाई. तुमी शिकवलं, ती शिकली. पर आमची पोरगी मेली. तुमी सुखानं ऱ्हावा." एवढंच. आणि ते बोलण्यापुरतं नव्हतं. उन्हाळा होता, गावच्या नदीला टिपूस नव्हता, म्हणून जीपगाड्या करून ते सगळे इस्लापूरला गेले, सहस्रकुंडाच्या डोहात तेवढं पाणी होतं. तिथं जिवंत लेकीचा दहावा घातला. गावात तेराव्याचं जेवण झालं. केरबाला हे डेपोत कुणीतरी सांगितलं. तो आधी हसला. मग चहाच्या टपरीवर जाणं त्यानं सोडलं, कारण तिथं लोक विचारायचे, केरबा, सून कशी हाय? आणि बाजूचा कुणीतरी म्हणायचा, आरं तिचा तर दहावा झालाय. दोन वर्षांनी तो गेला, हृदयविकारानं, त्याचा कशाशी संबंध जोडायचं सरजाबाईंनी टाळलं. नागसेननं जोडला. तो बापाच्या सरणापाशी उभा राहून म्हणाला, तिच्या बापानं तिला मेली म्हटलं, आता मी तिच्या बापाला मेला धरला. माझ्या घरात ते नाव नको.

अवशेषांच्या फाटकापाशी सिंधूनं त्यांना उतरवलं. म्युझियम तिथून वर गावाकडं होतं, चालत जायला लांब. "ते लोक आधी म्युझियममध्ये येतील, मग इकडं. तुम्हाला बस दिसली की तुम्ही मागच्या बाजूनं, त्या खांबांच्या पलीकडं जा. मी फोन करते." तिनं पाण्याची बाटली दिली, टोपी दिली. उत्पला मागच्या सीटवरून हात हलवत होती. त्या गाडीकडं बघत उभ्या राहिल्या आणि गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर त्यांना आठवलं की गाडीत लेकराला धरायलाच आपल्याला आणलं होतं, आणि आता तिला धरायला कुणी नव्हतं.

अवशेष म्हणजे गुडघाभर उंचीच्या भिंतींचं एक अफाट मैदान होतं. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात, जसा नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी कागदावर आराखडा काढतात. घरांच्या खोल्या, अंगणं, विहिरीची तोंडं. भाजलेल्या मातीचे नळ जमिनीतून डोकं काढून पडलेले होते. दोन-चार पांढरे खांब पुन्हा उभे केलेले होते, वर छप्पर नसलेले. एका छपराखाली जमिनीवर नदीतल्या गोट्यांचं चित्र होतं. दोघे तरुण एका हरणाला मारत होते. एकानं शिंग धरलं होतं, दुसऱ्यानं कुऱ्हाड उगारली होती, कुत्रं पोटाला लागलं होतं. सरजाबाई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी शांत, सभ्य, देखणे चेहरे. त्यांना उगीच वाटलं की ह्यातला एकजण आता मान वळवेल आणि म्हणेल, बाई, तुमच्यावर माझा राग नाही. डोक्यावर ऊन चढत होतं, भिंतींच्या फटींतून तांबडी फुलं आली होती, आणि माणूस नव्हतं. आपण कशासाठी लपतोय, त्यांनी स्वतःला विचारलं. मी काय केलंय? पण टोपी त्यांनी डोळ्यांवर ओढून घेतली होती, हेही त्यांच्या लक्षात आलं.

बस आली ती त्यांना दिसलीच नाही. ऐकू आली ती मराठी. खांबांच्या मागून, अगदी जवळून. "बघा बघा, नळ! अडीच हजार वर्षांमागं ह्यांच्याकडं नळ व्हते, आन् आपल्याला औंदा रेल्वे." मोठं हसू झालं. टूरचा मॅनेजर गाइडचं बोलणं मराठीत सांगत होता, की आधी राजधानी दुसरीकडं डोंगरात होती, पाण्याजवळ हवी म्हणून इथं आणली, तेव्हा समुद्र इथपर्यंत होता. मग गाळ भरत गेला, समुद्र लांब गेला, आणि गाव ओस पडलं. "म्हंजे राजधानी हलली की असं हुतं," कुणीतरी म्हणालं. "हणमंतराव, तुमचं उदगीर जिल्हा झालं की लातूरचं बी असंच करा!" पुन्हा हसू. सरजाबाई मागं वळल्या. पण मागं खंदक खणलेला होता, दोरी लावलेली होती, आणि एक ठेंगणी, गोरीशी बाई, पायात पांढरे बूट आणि अंगावर सहावारी, आनंदानं ओरडत त्यांच्याकडं येत होती.

"अय्या, साडी! तुम्ही मराठी? कुठल्या तुम्ही?"

"लातूर," सरजाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"घ्या! आम्ही नांदेडचे. मी शिवकांता, हे आमचे डॉक्टर. अहो, ऐका, लातूरच्या आहेत ह्या!" मंडळी गोळा झाली. टोप्या, गॉगल, गळ्यात कॅमेरे. आणि त्यांच्या मागं, जरा वाकलेले, केस पूर्ण पांढरे, हणमंतराव. त्यांनी सरजाबाईंना ओळखलं, त्याला क्षणही लागला नाही. जळकोटकडचे दोघंतिघं होते, त्यांनीही ओळखलं असणार, कारण ते एकदम खांबांकडं बघायला लागले, जसं काही खांबावर काही लिहिलेलं असावं.

"ह्या आमच्या गावच्या शाळंत व्हत्या," हणमंतराव म्हणाले. आवाज जुनाच, आदराचा. "लई चांगल्या बाई. नमस्कार बाई."

"नमस्कार."

"बघा, जग किती लहान!" शिवकांता म्हणाली. "मग इकडं कुणाकडं?"

"मुलाकडं."

"नशीबवान आहात. आणि सून कुठली?"

ऊन अगदी डोक्यावर होतं. सरजाबाईंनी तोंड उघडलं. काय बोलणार होत्या ते त्यांना अजून माहीत नव्हतं. त्या क्षणी त्यांना खरं सांगणं आणि लपवणं दोन्ही शक्य होतं, आणि ते दोन्ही शक्य असणं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्पष्ट जाणवलं, की त्यांना जवळजवळ बरं वाटलं. पण त्यांच्याआधी हणमंतराव बोलले.

"सून हितलीच हाय बाईंची. गोरी."

"हो का! बरंच आहे म्हणायचं, आजकाल असंच चालतं," शिवकांता म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, सरजाबाईंच्या दंडाला हात लावून, "पोरं सुखात आहेत, हेच खूप. ह्यांचंच बघा ना, एकुलती एक लेक गेली तापानं. लई हुशार होती म्हणे. आम्ही गेलतो तेराव्याला. ह्यांच्या मंडळींची तर तेव्हापासून तब्येतच नाही. आत्तासुद्धा त्या म्युझियममध्येच बसून आहेत, पाय चालत नाही म्हणून. तुम्हाला ठाऊक असेल ती, तुमच्याच शाळेत असेल."

"होती," सरजाबाई म्हणाल्या. हणमंतराव जमिनीतल्या नळाकडं बघत होते.

मंडळी पुढं हरणाच्या चित्राकडं गेली. हणमंतराव बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले, सगळे छपराखाली जाईपर्यंत. मग गुडघ्यावर हात देऊन उठले.

"उपकार झाले बाई. तुमी गप ऱ्हायलाव."

"मी बोलणार होते."

"ठाव हाय. म्हणून तर म्याच बोललो." ते थोडं हसले. पूर्वी हसायचे तसंच. "ती तिकडं बसलीय. लेकीसंगं. मला समदं ठाव हाय. तिकिटंच म्या काढली, हीच सहल घेतली, हितं येते म्हनून. बाईमानूस हाय, किती दिस झुरावं."

सरजाबाईंना कानात काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं. "तुम्हाला माहीत आहे?"

"आन् नात बी बघितली. म्युझियमच्या दारात. लायनीत जाता जाता डोक्यावर हात ठेवला म्या. कुनाला काय कळलं न्हाई, लेकराला कुनी बी हात लावतं." त्यांचे डोळे भरले होते, खरेच भरले होते, आणि त्यामुळंच पुढचं वाक्य ऐकणं सरजाबाईंना टाळता आलं नाही. "नाकीडोळी समदी आमच्या सिंधूवानी हाय बाई. रंग बी. कुनी म्हननार न्हाई."

कुणी म्हणणार नाही. ते वाक्य तिथंच संपलं, पूर्ण व्हायची त्याला गरज नव्हती. हणमंतरावांनी ते कौतुकानं म्हटलं होतं, सरजाबाईंना, तिच्या आजीला, आनंदाची बातमी सांगावी तसं. सरजाबाईंना केरबा आठवला. उत्पलाचं कपाळ केरबाचं होतं, रुंद, मधे किंचित खोल. जन्मली तेव्हा नागसेननं पाठवलेल्या फोटोत त्यांनी आधी तेच बघितलं होतं.

"हणमंतराव," त्या म्हणाल्या, "लेक जिवंत आहे. गाडीनं पाच मिनिटांवर. चला, सगळ्यांसमोर चला. मी नेते तुम्हाला."

छपराखाली कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना हसायला सांगत होतं.

"घातलेला दहावा मागं घेता येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "जेवून गेलेत लोक." आणि टोपी नीट करून मंडळींकडं चालायला लागले, फोटोत उभं राहायला.

सरजाबाई तिथंच एका भिंतीवर बसल्या. बस गेली, धूळ उडाली, धूळ बसली. खूप वेळानं फोन वाजला. सिंधू घ्यायला आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा इतका हलका झाला होता की ती पुन्हा शाळेतली दिसत होती. पुढच्या सीटवर स्टीलचा मोठा डबा होता, शेंगदाण्याच्या लाडवांचा, लातूरहून इतक्या लांब आलेला. "आई किती वाळलीय हो," ती सांगत होती. "पण उत्पला तिच्याकडं लगेच गेली. रडलीसुद्धा नाही. ती सिकंदराची सोन्याची नाणी वगैरे काही बघितलं नाही आम्ही. एका बाकावर बसून राहिलो नुसत्या." सरजाबाईंनी उत्पलाला मांडीवर घेतलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्या थांबल्या.

"तुझ्या वडलांना माहीत होतं."

सिंधूनं आरशातून बघितलं. मग पुन्हा रस्त्याकडं. "हो."

"तुलाही."

"आईनं फोनवरच सांगितलं होतं."

"मग मला काय म्हणून सांगितलंस की त्यांना माहीत नाही?"

एक ट्रॅक्टर आडवा आला, तो जाईपर्यंत सिंधू थांबली. "काय सांगायचं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. "बाबांना चालतंय, फक्त लोकांत दिसलेलं चालत नाही, असं? बाबांच्या रागापायी लपा म्हणणं सोपं होतं, आई. राग तरी मोठी गोष्ट आहे. हे काय आहे ते मलाच म्हणवत नाही."

"तू मेलीस त्यांच्यासाठी. मी तर जिवंत होते ना?"

"तुम्ही दिसलात की मी दिसते."

"मला विचारलं तिथं, सून कुठली. तुझे वडील म्हणाले, सून इथलीच. गोरी."

सिंधूनं मान हलवली. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यानंच तिचा आवाज फाटला. "बरंच झालं की. निदान जिवंत तरी केलं." मग ती रागावली, बहुधा स्वतःच्याच बोलण्यावर. "मेलेल्या माणसाला मिळतं तेवढं घ्यावं लागतं, आई. मला तासभर मिळाला. तेवढ्यावर मी पुढची दहा वर्षं काढीन. तुम्हाला नाही कळायचं."

सरजाबाईंना ते कळत होतं, आणि कळत असल्यामुळंच त्या आतून करपत होत्या. ह्या पोरीला कुशीत घ्यावं असंही वाटत होतं, आणि हिला खाली उतरवून ह्या सपाट रानात सोडून द्यावं असंही. हिच्या तासाभरासाठी त्या उन्हात उभ्या राहिल्या होत्या, ते त्यांनी केलंच असतं, नुसतं विचारलं असतं तरी केलं असतं. पण हिनं विचारलं नाही. ह्या सगळ्यांनी, बापानं, आईनं, लेकीनं, सहा वर्षांत एकमेकांशी एक शब्द उघडपणे न बोलता, एकच गोष्ट लपवायची असं एकमतानं ठरवलं होतं, आणि ती गोष्ट सरजाबाई होत्या.

घरी आल्यावर त्यांनी उत्पलाला आंघोळ घातली, भात भरवला. उजेड अजून भरपूर होता, ह्या देशात संध्याकाळ संपत नाही. नागसेनचा फोन आला तेव्हा सिंधू बाहेरच्या खोलीत होती. सरजाबाई ओट्यापाशी उत्पलाचा कप विसळत होत्या.

"कुठं नाही," सिंधू म्हणत होती. "जवळच नेलं होतं उत्पलाला, बागेत. आईंना ना? आईंना जरा ऊन लागलंय. झोपल्यात त्या."

त्यांनी कप पालथा घातला. हात पुसले. बाहेरच्या खोलीत येऊन सिंधूच्या समोर उभ्या राहिल्या आणि तिच्या हातातला फोन घेऊन, त्याचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला.

"मी झोपले नाही, नागसेन," त्या म्हणाल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज होता तो, बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता. "मला काही झालेलं नाही. आम्ही पेल्लाला गेलो होतो. काय झालं ते तुझी बायको तुला आता सांगणार आहे. ती चुकली तर मी दुरुस्त करीन."

"आई? काय झालं?" नागसेनच्या मागं वारा होता, बोटीचं इंजिन होतं. "आई?"

सिंधूनं त्यांच्याकडं बघितलं. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. ह्या नजरेसोबतच आता आपल्याला ह्या घरात येणं-जाणं करायचं आहे, कदाचित येणंही नाही, हे सरजाबाईंना कळलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बाबा आलते," सिंधू फोनकडं बघत म्हणाली.